रक्त वाढायच्या इंजेक्शनची कुळकथा

नळदुर्गहून सोलापूर हायवेने पंचेचाळीसेक किलोमीटर. किडनी निकामी झालेला माणूस डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा तिकडे जातो. मशीनवर असतानाच त्याला एक इंजेक्शनही दिलं जातं. बिलावर नाव एरिथ्रोपोएटिन, घरी सांगताना ‘रक्त वाढायचं’. पण बिघाड किडनीत, मग रक्त का आटावं?

उत्तर सापडायला अनेक दशकं गेली. १८९० च्या सुमारास व्हियो हा फ्रेंच डॉक्टर पेरूतल्या मोरोकोचा या खाणगावी चढला, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर. तीन आठवड्यांत त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घन मिलिमीटरला ५० लाखांवरून ८० लाखांच्या घरात गेल्या. विरळ हवेची वर्दी शरीरात कुणीतरी देत होतं. १९०६ मध्ये पॅरिसच्या कार्नो आणि देफ्लांद्र यांनी रक्तात तरंगणाऱ्या एखाद्या द्रव्यावर संशय घेतला; १९५७ मध्ये शिकागोत जेकबसन आणि गोल्डवासर यांनी उंदरांवरून दाखवलं की ते मुख्यतः किडनीतून येतं. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालापाशी लोक सांडव्यावरून कोसळणारी बोरी नदी बघतात, धरणाच्या भिंतीच्या पोटात दालन आहे हे आत उतरल्यावर कळतं. किडनीचंही तसंच झालं. लघवी सगळ्यांना दिसत होती.

द्रव्य हाती लागायला आणखी वीस वर्षं. जपानच्या कुमामोतोमध्ये ताकाजी मियाके यांनी ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची २५५० लिटर लघवी जमवली, आटवली आणि ती भुकटी कापडात बांधून स्वतः गोल्डवासरकडे शिकागोला नेली. १९७७ मध्ये त्यातून निघालं काही मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन. इतक्या चिवट कामाला नोबेल मिळालं नाही, हे मला खटकतं. पुढे जनुक सापडलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

ऑक्सिजन मोजतो कोण, हे मात्र नंतर उलगडलं. संशोधक सेमेन्झा यांना हिफ नावाचं प्रथिन सापडलं. पेशीत ऑक्सिजन पुरेसा असला की पीएचडी नावाची एन्झाइमं त्यावर खूण करतात आणि काही मिनिटांत त्याचा निकाल लागतो. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, हिफ टिकतं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक जागं करतं. ही खूण २००१ मध्ये केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या प्रयोगशाळांनी दाखवली. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. रॅटक्लिफ मुळात किडनीचेच डॉक्टर. खूण करणाऱ्या एन्झाइमांना अडवणाऱ्या गोळ्याही आल्या. त्यांतल्या अहमदाबादच्या झायडसच्या डेसिडुस्टॅटला मार्च २०२२ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे, दोन्ही किडन्या काढलेल्या रुग्णांतही अशा गोळीने एरिथ्रोपोएटिन वाढतं; तेव्हा यकृत कामाला लागतं.

आता प्रश्न, हिफसारखी प्रथिनं किडनीच्या आजाराची आगाऊ सूचना देतील का? आजारी किडनीत ऑक्सिजनची ओढाताण असते, म्हणून आशा रास्त आहे. पण हिफ पेशीच्या आत राहतं आणि मिनिटांत विरतं, शिवाय ऑक्सिजन कमी पडला की ते कुठल्याही अवयवात वाढतं. सुईने काढलेल्या रक्तात त्याचा माग काढणं अवघड. म्हणून हिफने जागवलेली, पेशीबाहेर पडणारी प्रथिनं रक्तात आणि लघवीत शोधण्याकडे संशोधकांचा कल आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर आज तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनच लिहिलेलं असतं.