अवैध सावकारी : मांजरी आणि पुणे परिसर

अवैध सावकारी : परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे. परवाना असलेल्या सावकाराने ठरलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेणे, कोऱ्या कागदांवर सह्या घेणे किंवा हिशेब न देणे हेही गुन्हेच आहेत; मात्र बोलीभाषेत ‘खाजगी सावकार’ म्हटले की परवाना नसलेलाच सावकार समजला जातो. अडीनडीला नातलगाने किंवा शेजाऱ्याने दिलेले हातउसने पैसे सावकारीत मोडत नाहीत. त्यासाठी व्याज आणि धंदा या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. महाराष्ट्रात या विषयावर ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ लागू आहे.

या नोंदीत पुणे शहराच्या पूर्व कडेचे मांजरी आणि त्याभोवतीचा पुणे जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. सावकारीविरुद्धचा सर्वांत गाजलेला उठाव याच जिल्ह्यात झाला. त्यातून जन्मलेल्या कायद्यातला मुख्य विचार आजच्या कायद्यातही आहे.

व्यवहाराची रीत

खाजगी सावकारीत व्याज वर्षाचे नव्हे, महिन्याचे बोलतात. ‘पाच टक्क्याने’ किंवा ‘दहा टक्क्याने’ पैसे घेतले म्हणजे शेकडा दरमहा पाच किंवा दहा रुपये. दरमहा दहा टक्के म्हणजे वर्षाला १२० टक्के. बहुधा पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून घेतात. एक लाखाच्या कर्जात हातात नव्वद हजार पडतात, व्याज मात्र पूर्ण लाखावर चालते. दहा महिन्यांत एक लाख रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. कायद्यातल्या सर्वोच्च म्हणजे वार्षिक १८ टक्के दराने एवढेच व्याज व्हायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागतो. हप्ता चुकला की रोजाचा दंड सुरू होतो; त्याला ‘मीटर चालू झाले’ म्हणतात. हातगाडीवाल्यांना आणि भाजीविक्रेत्यांना पैसे रोजाने मिळतात. सकाळी नऊशे घ्यायचे आणि संध्याकाळी हजार द्यायचे, असा हा हिशेब असतो.

सावकाराचे खरे बळ मात्र दरापेक्षा कागदात असते. सही केलेले कोरे धनादेश, कोरे मुद्रांक, वाहनाचे आरसी बुक, एटीएम कार्ड आणि जमिनीचे साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा थेट खरेदीखत तारण म्हणून घेतले जाते. खरेदीखत करताना ‘पैसे फिटले की जमीन उलटून देतो’ असा शब्द दिला जातो, पण तो कागदावर कुठेच नसतो. कर्जदाराच्या मनात व्यवहार गहाणाचा असतो, दुय्यम निबंधकाच्या दप्तरात विक्रीचा. कोरा धनादेश वाटेल त्या रकमेने भरून बँकेत टाकला आणि तो वटला नाही की चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ खाली कर्जदारच आरोपी होतो. मुळात बेकायदा असलेल्या कर्जाची वसुली अशी कायद्याच्याच वाटेने होते.

इतिहास

हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटाचा नियम होता : एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. सावकारी हा गावगाड्याचाच भाग होता. देहूच्या संत तुकारामांचे घराणे महाजनकीचे होते, आणि आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. कर्जमाफीची मराठी मनातली ही पहिली प्रतिमा म्हणता येईल. तिच्यातही बुडतो तो कागदच.

ब्रिटिश अमलात रयतवारी पद्धतीमुळे सारा रोखीने भरणे आले आणि जमीन तारण ठेवण्याजोगी वस्तू झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला भाव आला, कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि त्याच सुमारास जमिनीच्या नव्या पाहणीत शेतसारा वाढला. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या खतांवर न्यायालयाचे हुकूमनामे मिळवायला सुरुवात केली.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी सुपे (तेव्हा भीमथडी, आता बारामती तालुका) येथे जमावाने सावकारांच्या पेढ्या आणि घरांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. जमावाला हवी होती ती खते, रोखे आणि हुकूमनामे. जिथे सावकाराने कागद हवाली केले, तिथे बहुधा मारहाण झाली नाही. ही घटना इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखली जाते. बहुतेक सावकार मारवाडी आणि गुजराती असल्याने रोषाला ‘बाहेरचे’ विरुद्ध ‘गावचे’ असाही रंग चढला. पण सावकारी ही एका जातीची किंवा प्रांताची मिरास नाही, हे पुढच्या काळाने दाखवून दिले. आजचा खाजगी सावकार अनेकदा त्याच आळीतला आणि त्याच भावकीतला असतो.

दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे प्रथम त्याच्या कक्षेत आले. न्यायालयाने खतावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहार मुळापासून तपासावा, ही त्याची मुख्य तरतूद होती. पुढे कलम १० अ जोडून, विक्री म्हणून लिहिलेला व्यवहार प्रत्यक्षात गहाण होता हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभाही मिळाली. सावकारांनी त्यावर उतारे काढले. गहाणखतापेक्षा खरेदीखताचा आग्रह धरणे हा त्यांतला एक, आणि तो आजही प्रचारात आहे.

कायद्याबरोबरचा दुसरा मार्ग होता पर्यायी पतपुरवठ्याचा. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था सुरू झाल्या आणि १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. तरीही १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के आढळला. नियमनाची बाजू मुंबई सावकार अधिनियम, १९४६ ने सांभाळली. आणीबाणीच्या काळात १९७५ साली महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फत्तेचंद हिम्मतलाल प्रकरणात तो वैध ठरवला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तो निकाल लिहिला होता.

सध्याचा कायदा

विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांमुळे सावकारीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या एका प्रकरणात, तत्कालीन आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी नोंदवण्यात तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून हस्तक्षेप झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्याबद्दल राज्य शासनाला दहा लाख रुपयांचा खर्च ठोठावला. राजकीय आश्रय मिळाला तर कायदा कागदावरच राहतो, हे त्या निकालाने अधोरेखित केले.

२०१४ च्या अधिनियमाने १९४६ चा कायदा रद्द झाला. त्याच्या मुख्य तरतुदी अशा :

(१) परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

(२) व्याजाचे कमाल वार्षिक दर : शेतकऱ्यांना तारणी कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. चक्रवाढ व्याजास मनाई आहे, आणि व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ शकत नाही. जुना दामदुपट अशा रीतीने कायद्यात कायम आहे.

(३) वसुलीसाठी कर्जदाराचा छळ करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कर्ज देताना परवाना नव्हता, तर न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देत नाही.

(४) सहकार खात्यातील निबंधकाला सावकाराच्या आवारात शिरून झडती घेण्याचा आणि कागदपत्रे जप्त करण्याचा अधिकार आहे.

(५) कलम १८ : सावकारीच्या ओघात गेल्या पंधरा वर्षांत विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य नावाने स्थावर मालमत्ता सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतो आणि मालमत्ता मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश काढू शकतो.

पाचव्या तरतुदीत १८७९ चा विचार पुन्हा आला आहे : दस्तावर काय लिहिले यापेक्षा व्यवहार काय होता हे पाहायचे.

अंमलबजावणी सहकार खात्याकडे आहे. पुण्यातील सहकार आयुक्त हे सावकारीचे महानिबंधक, जिल्हा उपनिबंधक हे जिल्हा निबंधक, आणि तालुका पातळीवर उपनिबंधक किंवा सहायक निबंधक अशी रचना आहे. धमकी आणि खंडणीचा भाग पोलिसांकडे येतो. भारतीय न्याय संहितेची कलमे ३०८ (खंडणी), ३५१ (धमकी) आणि प्रसंगी १०८ (आत्महत्येस प्रवृत्त करणे) लावता येतात.

मांजरी

मुळा-मुठेच्या दक्षिण काठावर मांजरी बुद्रुक, उत्तर काठावर मांजरी खुर्द. मुठा कालव्याच्या पाण्यामुळे हा भाग उसाचा आणि भाजीपाल्याचा झाला. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र याच परिसरात आहेत. ऊस हे वर्षभराचे पीक. बेणे, खत आणि मजुरी आधी घालायची आणि पैसे कारखाना देईल तेव्हा, त्यामुळे मधला काळ उधारीवर काढावा लागतो. जवळचा थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला.

शेजारची हडपसर औद्योगिक वसाहत आणि मगरपट्टा यांच्या वाढीबरोबर शेतजमिनीचे गुंठे पडू लागले. ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुकसह २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली. अशा गावात एकाच वेळी दोन प्रकारची माणसे राहतात. एकाकडे जमीन विकून आलेला पैसा असतो, दुसऱ्याकडे महिन्याचा पगारही नक्की नसतो. व्याजाने पैसे फिरवणारा आणि घेणारा शेजारी-शेजारी आले की सावकारी आपोआप रुजते. गुंठेवारीतील घराचे कागद बँकेला पुरेसे वाटत नाहीत. कंत्राटी कामगाराकडे पगाराची चिठ्ठी नसते. पहाटे बाजारातून माल उचलणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला दोन तासांत भांडवल लागते. दवाखाना, लग्न आणि शाळेची फी थांबत नाही. बँकेचे कर्ज स्वस्त असते, पण सावकाराचे वेळेवर मिळते.

जमीन महाग झाल्याने तारणाचा अर्थही बदलला. पूर्वी सावकाराला व्याज हवे असे. शहराच्या कडेला त्याला अनेकदा कर्ज बुडालेलेच हवे असते, कारण तारण ठेवलेल्या दोन गुंठ्यांची किंमत दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट असते.

तक्रार आणि पुरावा

लाज, भीती आणि ‘आपणच सही केली’ ही भावना तक्रारीच्या आड येते. प्रत्यक्षात सही असणे हा तक्रारीला अडथळा नाही. कलम १८ अशाच दस्तांसाठी आहे. बँक खात्यातील नोंदी, यूपीआयचे व्यवहार, मोबाइलवरील संदेश, दुय्यम निबंधकाकडील दस्तांच्या नकला, सातबाऱ्यावरील फेरफार आणि साक्षीदार हे पुरावे ठरतात. दर महिन्याला एकाच रकमेचे हप्ते एकाच खात्यात गेलेले दिसले, तर व्याजाचा दर हिशेब करून दाखवता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

मोबाइलवरील कर्ज-ॲप हे सावकारीचे नवे रूप. त्यांचे तारण म्हणजे फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे. वसुली बदनामीच्या धमकीने होते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जवाटपाचे नियम घालून दिले : रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जावी, एकूण वार्षिक खर्च आधी सांगावा, आणि फोनमधील संपर्कयादी वा माध्यम-फायलींना हात लावू नये. बेकायदा ॲपची तक्रार ‘सचेत’ पोर्टलवर करता येते.

सामाजिक उपाय

केवळ धाडींनी सावकारी हटत नाही. केरळ पोलिसांनी २०१४ मध्ये ‘ऑपरेशन कुबेर’ नावाची धाडींची व्यापक मोहीम राबवली होती. इंग्लंडमध्ये २००४ साली बर्मिंगहॅम येथून सुरू झालेल्या अवैध सावकारीविरोधी पथकाची रीत निराळी आहे : खटला भरणारे अधिकारी आणि कर्जदाराला आधार देणारे कार्यकर्ते एकाच पथकात असतात. आपल्याकडे खटला पोलिसांकडे, जमीन सहकार खात्याकडे आणि नवे कर्ज बँकेकडे अशी तीन दारे आहेत. खचलेल्या माणसाला ती तिन्ही ठोठावावी लागतात.

कर्जमाफीच्याही मर्यादा आहेत. २०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांची सावकारी कर्जे फेडण्याची योजना आणली, ती परवानाधारक सावकारांच्या कर्जापुरती होती. बिनपरवाना कर्जाला नोंदच नसल्याने सर्वांत नाडलेला कर्जदार तिच्या बाहेर राहिला.

उपायांचे तीन थर मानता येतात. पहिला, वेळेवर मिळणारे लहान कर्ज. विकास सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्था, महिला बचत गट, आणि पथविक्रेत्यांसाठी २०२० पासूनची पीएम स्वनिधी योजना ही साधने आहेत. यांतले जे दोन दिवसांत पैसे देईल तेच सावकाराशी स्पर्धा करील. दुसरा, कागदाची शिस्त. गहाण असेल तर गहाणखतच करावे, कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि कर्ज फिटले की लेखी पावती घ्यावी, हे बचत गटाच्या बैठकीत आणि कामगार चाळीत सांगावे लागेल. तिसरा, प्रतिष्ठेचा. व्याजाच्या पैशावर वर्गणी देणाऱ्याला मंडळाचा आधारस्तंभ म्हणायचे आणि कर्जात बुडालेल्याला उधळ्या ठरवायचे, ही रीत चालू असेपर्यंत तक्रारदार एकटाच राहतो. १८७४ मध्ये करडे गावाने टाकलेला बहिष्कार कायद्याच्या आधीचा होता. त्याला कोणत्याही कलमाची गरज पडली नव्हती.