साडेतीन मिनिटांचा राग

गाणं किती लांब असावं हे कोण ठरवतं? गायक? संगीतकार? की ऐकणारे आपण? जुन्या रेकॉर्ड्सबद्दल बरंच वाचल्यावर आणि त्याहून जास्त ऐकल्यावर माझं उत्तर असं झालंय, की बऱ्याचदा ते डबा ठरवतो. ज्या डब्यात गाणं भरून विकायचं, त्या डब्याचा आकार. आज जरा त्या डब्याची गोष्ट.

१९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गेझबर्ग नावाच्या माणसाला पूर्वेकडे पाठवलं. काम सोपं: तिकडचं गाणं मुद्रित करून आण, म्हणजे तिकडे ग्रामोफोन विकता येतील. (थोडक्यात, हार्डवेअर खपवायला कंटेंट!) त्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका हॉटेलात तात्पुरता स्टुडिओ थाटून त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. मायक्रोफोन नाही, वीज नाही. समोर एक मोठा कर्णा, त्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या जोरावर सुई हलणार आणि मेणाच्या तबकडीवर चरे उमटणार. चुकलं तर एडिटिंग नाही, तबकडी बाद.

ही मेणं बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे रेकॉर्ड छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गायिका शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. गौहर जानच्या रेकॉर्डवर ते आजही ऐकू येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाईलच्या आतच! १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा हेलपाटा संपला.

पण खरी अडचण वेगळीच होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मावायची साधारण तीन मिनिटं.

आता ख्याल म्हणजे काय ते आठवा. आजच्या अतिविलंबित लयीत तालाचं एक आवर्तन संपायलाच मिनिटभर लागू शकतं. म्हणजे तबकडीत आवर्तनं तीन! षड्ज लागून तंबोरे जुळतायत तोवर सुई लेबलपाशी.

मग या लोकांनी काय केलं? मला सगळ्यात थोर वाटतं ते हेच. एमपीथ्री करताना कुठला आवाज टाकायचा आणि कुठला ठेवायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. इथे ते काम गवई स्वतः करत होता, डोक्यात, तेही गाता गाता. विलंबित बहुतेक टाकलं. आलापाला काही सेकंद. चीज मध्य किंवा द्रुत लयीत, रागाची ओळख पटवणारी नेमकी जागा लगेच, दोन-चार ताना, आणि समेवर येऊन बंद. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या रेकॉर्ड ऐका. तोवर इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं होतं, मायक्रोफोन आला होता, त्यामुळे त्यांचा तो नाजूक स्वर छान पकडला गेलाय. कुठेही घाई वाटत नाही. तीन मिनिटांत निवांतपणा कसा आणला, देव जाणे.

हा नुसता तोटा नव्हता. जे पूर्वी कोठ्यावर नाहीतर दरबारात जाऊनच ऐकता यायचं, ते मध्यमवर्गाच्या माजघरात आलं. ठुमरीला आणि नाट्यपदाला ही तबकडी मानवली. मराठी भावगीत तर तिच्याच मापाचं कापड बेतावं तसं वाढलं.

पण काहींनी डब्यात शिरायचंच टाळलं, किंवा काही कारणाने ते राहून गेलं. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ साली. दोघांचाही आवाज आज उपलब्ध नाही. ग्रामोफोन भारतात येऊन अल्लादिया खाँसाहेबांच्या हयातीत चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि तरीही एक ओळ नाही. ते कसे गात हे आपल्याला कळतं ते फक्त शिष्यांच्या गळ्यातून आणि लोकांच्या आठवणींतून. बॅकअपच नाही. मला याची खरंच हुरहूर लागते.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबियाने लाँगप्ले आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं! १९५५ साली न्यूयॉर्कला अली अकबर खाँसाहेबांची एलपी निघाली, तिची ओळख येहुदी मेन्युहिनने करून दिली. १९६० साली अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध एलपी आली, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आता ऐका विलंबित. राग बसायला जागा मिळाली की काय होतं ते कळतं.

१९६७ साली तर 'कॉल ऑफ द व्हॅली' आला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी मिळून काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस रागांमधून उभा केला. आज आपण ज्याला अल्बम म्हणतो तो हाच: सुट्या गाण्यांचा गठ्ठा नव्हे, एकसंध गोष्ट. गंमत म्हणजे त्यामागे होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, जे स्वतः एके काळी तीन मिनिटांची भावगीतं गात होते. डबा मोठा झाल्यावर त्यात काय भरायचं, हे छोट्या डब्यात घडलेल्या माणसालाच नेमकं सुचलं!

आणि आता? आता डब्याला तळच नाही. हवा तर दहा तासांचा मारवा टाका. पण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक 'प्ले' मोजला जातो, मग गाणंही आपोआप पहिल्या तीस सेकंदांत सगळं दाखवून टाकायला लागतं. मर्यादा गेली नाही, तबकडीतून निघून आपल्या बोटात आली. फरक इतकाच, की तबकडी गवयाला तीन मिनिटं तरी पुरती देत होती.

शेवटी एक गोष्ट. अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या, गोव्यातल्या केरीची सूरश्री केसरबाई केरकर. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात जगभरच्या २७ रचना आहेत. भारताची एकच, केसरबाईंची भैरवी. लांबी साडेतीन मिनिटं, कारण मूळ रेकॉर्ड ७८ आरपीएमची. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला निघालं, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं.

गुरूचा आवाज पृथ्वीवर कुठेच नाही. शिष्येची साडेतीन मिनिटं ताऱ्यांमध्ये आहेत.

या वीकेंडला ती भैरवी ऐका, आणि मग अमीर खाँसाहेबांचा मारवा. पूर्ण. मध्ये स्किप न करता, एवढंच.