मागून बसलेला धक्का : मान कोणाची, चूक कोणाची?

तुमची गाडी थांबलेली आहे आणि मागून दुसरी येऊन आदळते. अंगावर ओरखडाही नसतो. ‘काही झाले नाही’ म्हणून तुम्ही घरी जाता आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. हिंगणघाट-जामचा महामार्ग असो की सेलू-आर्वीतून जाणारा समृद्धी, असे कुठेही घडू शकते. मग दोन प्रश्न उरतात : दुखापत खरी आहे का, आणि भरपाई कोणी द्यायची? या दोन्ही प्रश्नांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

1867 मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यामार्गे नागपूरला पोहोचली. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसेन यांनी रेल्वे अपघातानंतरच्या दुखण्यांवरील व्याख्याने प्रसिद्ध केली. बाहेरून जखम नसतानाही मणक्याला इजा होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढले. यातला बराच भाग मानसिक धक्क्याचा आहे, असे ते म्हणाले. पेज हे एका रेल्वे कंपनीचे डॉक्टर होते, हे लक्षात घ्या. पुढे मोटारी आल्या आणि 1928 मध्ये अमेरिकेत हॅरोल्ड क्रो यांनी मानेच्या या दुखापतीसाठी ‘व्हिपलॅश’ हा शब्द वापरला. मागून धक्का बसला की धड पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. एक्स-रेमध्ये हे बहुधा दिसत नाही.

आपल्याकडे 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. 1982 मध्ये मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी, चूक सिद्ध न करताही ठरावीक भरपाई मिळू लागली.

मग ‘मागचाच दोषी’ हे खरे का? बहुतेक वेळा, होय. पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक टळेल इतके अंतर मागच्याने ठेवायचे, असा नियम आहे. 2018 मध्ये निशान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 10-15 फुटांचे अंतर सुरक्षित मानले नाही. पण पुढचा नेहमीच सुटत नाही. 2025 च्या एका निकालात, पत्नीला मळमळले म्हणून महामार्गावर इशारा न देता गाडी थांबवणाऱ्या चालकावर 50 टक्के जबाबदारी आली. त्या गाडीला मागून धडकून पडलेल्या दुचाकीस्वारावर 20 टक्के, आणि त्याच्या अंगावरून गेलेल्या बसवर 30 टक्के.

म्हणून अपघातानंतर त्याच दिवशी तपासून घ्या. अपघात कसा झाला, कुठे दुखते, हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर नोंदवून घ्या. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू झाले तर पुन्हा दाखवा. हातात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, तीव्र डोकेदुखी किंवा उलट्या असतील तर थांबू नका. पोलिसांना कळवा, कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वकिलाचा सल्लाही वेळेत घ्या.

एरिकसेनच्या काळात रुग्णाकडे फक्त त्याचा शब्द होता. तुमच्याकडे कागदही असू द्या.