प्रधानाचे पान : गंजिफातील दुय्यम पत्त्याची कहाणी

सायवनच्या परिसरातून दाखल्यासाठी डहाणू किंवा तलासरीच्या तहसील कचेरीत गेलेल्या विद्यार्थ्याला ‘नायब तहसीलदार’ ही पाटी हमखास दिसते. तिच्यावरील ‘नायब’ हा शब्द एके काळी पत्त्यांच्या डावात वावरत होता. युरोपातील एका मोठ्या भूभागाने तर पत्त्यांच्या खेळालाच त्याचे नाव दिले. राजाचे नव्हे, राजाच्या हाताखालील माणसाचे!

इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात इजिप्तमधील मामलुक राजवटीच्या काळातील पत्त्यांचा एक संच आहे. त्यात चार रंग असून प्रत्येक रंगात दहा पाने अंकांची आणि तीन पाने अधिकाऱ्यांची आहेत : मलिक, म्हणजे राजा, नायब मलिक, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, आणि दुसरा नायब. माणसांची चित्रे नाहीत, केवळ सुंदर अक्षरांत हुद्दे. हे पत्ते भूमध्य समुद्र ओलांडून गेले. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स नगराने ज्या नव्या खेळाविरुद्ध फर्मान काढले, त्याचे नाव ‘नाइब्बे’ असे नोंदले आहे. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. या दोन्ही शब्दांचे मूळ बहुतेक अभ्यासक ‘नायब’ या अरबी शब्दातच पाहतात.

हिंदुस्थानात आलेली वाट निराळी, इराणातून येणारी. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. या गंजिफात चित्राची पाने रंगागणिक दोनच. एक राजा, एक वजीर. राणी नाही, गुलाम नाही.

अकबराच्या दरबारातील गंजिफाचे वर्णन अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. जुन्या संचात १२ रंग आणि १४४ पाने होती. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्या रंगांची नावे होती. अकबराने त्यात फेरफार केले, आणि ते फार बोलके आहेत. धनपतीच्या रंगात राजा द्रव्य वाटतो, तर वजीर खजिन्याची तपासणी करतो. उरलेल्या दहा पानांवर खजिन्यातील माणसे येतात : जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा. दुसऱ्या एका रंगात राजा फर्माने पाहतो आणि वजिरापुढे दफ्तर मांडलेले असते. खालच्या पानांवर कागद तयार करणारा आहे, नोंदी लिहिणारा आहे, पुस्तक बांधणाराही आहे. राजा देतो, वजीर मोजतो, आणि साऱ्या रंगाला अर्थ येतो तो या मोजण्यामुळे.

महाराष्ट्रात गंजिफाचे सर्वांत प्रसिद्ध माहेर सावंतवाडी. तेथील दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पाने, एकूण १२० गोल पत्ते. मत्स्याच्या रंगावर मासे, वामनाच्या रंगावर कमंडलू, परशुरामाच्या रंगावर परशू. अवतार स्वतः राजा, आणि त्याच्या खालोखाल प्रधान. अशी २० पाने चित्रांची आणि १०० अंकांची. गमतीची गोष्ट अशी की मत्स्य ते वामन या पाच रंगांत अंकांपैकी दश्शी सर्वांत मोठी, तर परशुराम ते कल्की या पाच रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. अंकांचा क्रम असा उलटापालटा होतो, पण राजा आणि प्रधान यांची जागा मात्र दहाही रंगांत अढळ.

डावाची उतारी दिवसा रामाच्या राजाने होते, रात्री कृष्णाच्या. या खेळात कोणताही रंग हुकूम ठरत नाही. ज्या रंगाची उतारी झाली, त्याच रंगाचे पान टाकण्याची सक्तीही नाही. त्यामुळे खेळाचा सारा भार स्मरणशक्तीवर येतो. तीन खेळाडूंत प्रत्येकाकडे ४० पाने येतात. कोणत्या रंगातील कोणते पान पडून गेले, हे ज्याला आठवते तो जिंकतो.

प्रधानाच्या पानाची खरी गंमत येथे आहे. राजाची किंमत वाटणीच्या क्षणीच ठरते. तो हात करणार, यात शंका नाही आणि म्हणून फारसे डोकेही नाही. प्रधानाची किंमत मात्र डावाबरोबर बदलते. राजा आणि प्रधान एकाच्याच हाती आले, तर लागोपाठ दोन हात निश्चित. राजा दुसऱ्याकडे असेल, तर प्रधान केवळ एक आशा. प्रतिस्पर्ध्याने राजाची उतारी केली की अनुभवी खेळाडू एखादे निरुपयोगी पान टाकून देतो आणि प्रधान राखतो. राजा पडला, त्या क्षणापासून त्या रंगाचा धनी तो प्रधान. कधी त्याच रंगाचे हलके पान पुढे करून दडून बसलेल्या राजाला बाहेर ओढावे लागते. एक हात गमावून पुढचा कमवायचा. नवखा खेळाडू राजे मोजतो, मुरलेला खेळाडू प्रधान मोजतो.

आजच्या काल्पनिक युद्धांच्या पत्त्यांच्या खेळांत एखादे साहाय्यक पान हेरून त्याच्याभोवती सगळा संच रचतात. गंजिफात पत्ते वाटणीने येतात, निवडता येत नाहीत. रचना करायची ती डावाची. तर्क मात्र तोच : जे पान एकटे काही करत नाही, त्याच्यासाठी बाकीची पाने कशी खर्चावीत?

मराठी वाचकाला येथे पेशवाई आठवणे स्वाभाविक आहे. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान होते. सत्ता निःसंशय राजाची होती. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद दिले. १७४९ मध्ये महाराज निवर्तले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या करारानंतर कारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली. तरीही पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी आणि स्वतःची ओळख ‘मुख्य प्रधान’ एवढीच राहिली. गंजिफावरून राज्यकारभार शिकला गेला, असे सुचवणे पोरकटपणाचे होईल. पण हा खेळ खेळणाऱ्या समाजाला दुसऱ्या क्रमांकाच्या पदाचे सामर्थ्य नवे नव्हते.

मग प्रधान गेला कोठे? यंत्रावर छापलेले ५२ पानांचे स्वस्त विलायती कॅट आले. फ्रेंच वळणाच्या त्या कॅटात राजाच्या शेजारी राणी आणि गुलाम होते. एका बाजूस १२० पाने : कागद-कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, रंगवायचे, लाखेचा लेप द्यायचा. दुसऱ्या बाजूस छापखाना. ही लढत बरोबरीची नव्हतीच. बुद्धिबळात मात्र उलट घडले : युरोपात वजिराची राणी झाली, मराठी पटावर तो वजीरच राहिला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा रंगवणारे चितारी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली, स्वतः कुंचला हाती घेतला आणि कला वाचवली. दरबार हॉलमध्ये बसून पत्ते रंगवणारे कारागीर हे सावंतवाडीचे सुपरिचित दृश्य त्यांच्याच प्रयत्नांतून आले.

कला वाचली, खेळ मात्र तसा परतला नाही. रंगवणाऱ्याला गिऱ्हाईक पुरते, खेळाला मात्र भिडू लागतात, आणि पडलेले प्रत्येक पान ध्यानात ठेवणारी सवयही. आज संच विकत घेतला जातो तो बहुधा भेट देण्यासाठी किंवा भिंतीवर लावण्यासाठी. चौकटीत दहा अवतार शोभून दिसतात, त्यांना डावाची गरज नाही. प्रधानाचे पान मात्र कोणीतरी राजाची उतारी केल्याशिवाय मोठे होत नाही.