नंगारा आणि तांड्याचे आरोग्य

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे. समाजाने स्वतःची खूण म्हणून वाद्य निवडावे, याला काही कारण असणारच. शहरांत हल्ली ढोल बडवून मनाचा ताण उतरवण्याच्या कार्यशाळा भरतात. तिथे ज्याचा त्याचा ताण, ज्याची त्याची फी. तांड्यात वाद्य वाजते ते सगळ्यांना एका जागी आणण्यासाठी, आणि त्याचा गुण आहे तो त्या जमण्यातच.

रेल्वे येण्यापूर्वी लमाण बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतावरील ग्रंथात अशा काफिल्यातल्या एका मानाच्या बैलाचे वर्णन आहे. त्याच्यावर ओझे कधीच लादत नसत. अंगावर तांबडे रेशीम, घंटा, पितळी साखळ्या. तो सर्वांपुढे चाले आणि बसेल तिथे मुक्काम पडे. माणूस वा जनावर आजारी पडले की नवस त्याच्याच पायाशी. वैद्य मागच्या गावात राहिलेला असताना, पुढून येणारा घंटांचा नाद हा केवढा आधार असेल!

होळीच्या दिवसांत डफावर लेंगी गातात, आणि त्याच सणात धुंड होते. मागच्या होळीनंतर जन्मलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसतात, वर एक काठी आडवी धरतात, आणि गेरिया तिच्यावर आपापल्या काठ्या आपटीत आशीर्वाद म्हणतात. बाळाच्या आयुष्यासाठी डोक्यावर हा ठेका. आईबापांचे मूल त्या गजरात तांड्याचे होते. (परंपरेने ही धुंड मुलाचीच, मुलीच्या वाट्याला ती नाही, हे नोंदवलेच पाहिजे.)

एकत्र येण्याचे मोल कळायला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवावा. देशात ठिकठिकाणी बंजाऱ्यांचे गट त्याच्या यादीत गेले. नोंद झालेल्याने हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही. सरकारने माणसे जमवली, ती मोजण्यासाठी. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या. त्या साऱ्या काळात माणसाला नावाने नव्हे, नात्याने बोलावणारा आवाज नंगाऱ्याचा होता.

पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबेचे मंदिर आहे. रामनवमीला येथे देशभरातून बंजारा येतात. अरदास होते, भोग लागतो, नंगारा वाजतो. अनेक राज्यांत विखुरलेल्या, वेगवेगळ्या लिप्यांत शिकलेल्या या लोकांना गोरबोली आणि हा ठेका सामाईक आहे. समाधीच्या दर्शनाइतकेच, दूरच्या तांड्यातल्या आपल्या माणसांची गाठ पडणे हेही यात्रेचे फळ मानावे.

संग्रहालयात १३ दालने आहेत आणि वाद्य तिथे सुरक्षित राहील. काळजी वाटते ती तांड्याची. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतील. हंगाम लांबला तर होळी कारखान्याच्या फडावरच येते. मागे तांड्यात म्हातारी माणसे आणि काही लेकरे उरतात. लेंगीला लागणारे गळे आणि धुंडीला काठ्या धरणारे हात तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात कोयता चालवत असतात.