सिसिंगहर्स्ट : एका खरेदीचा जमाखर्च

जुन्या घराच्या खरेदीचे कागद बहुधा सौदा झाल्यानंतरचे उरतात. घ्यावे की सोडावे, या घोळाचे दप्तर कोणी ठेवत नाही. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्टचे ते राहिले, कारण घेणारे दोघेही लिहिणारे होते. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट कवयित्री आणि कादंबरीकार. त्यांचे पती हॅरल्ड निकल्सन रोज रोजनिशी लिहीत आणि दूर असले की पत्नीला पत्र.

४ एप्रिल १९३० रोजी व्हिटांनी ही जागा पाहिली. सोबत कवयित्री मैत्रीण डॉरथी वेलस्ली आणि धाकटा मुलगा नायजेल होता. त्याच दिवशी त्यांनी मनासारखे घर सापडल्याचे फोनवर कळवले, अशी हॅरल्ड यांची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले, चिखलातून सगळीकडे फिरले. आपण भारावलो नाही, पण जागा आवडली, एवढेच त्यांनी टिपले.

पाहिले ते मुळात घर नव्हतेच. सोळाव्या शतकातल्या भव्य वाड्यापैकी एक मनोरा, प्रवेशद्वाराच्या इमारतींची लांब ओळ आणि दोन सुट्या छोट्या इमारती तेवढ्या उभ्या होत्या. सप्तवार्षिक युद्धात इथे फ्रेंच कैदी कोंडले होते. १८००च्या सुमारास बराचसा वाडा पाडला गेला. काही काळ गावातल्या निराधारांना इथे ठेवून त्यांच्याकडून काम करून घेत. पुढे शेतमजूर राहिले. १९३० साली वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते, आवारात वर्षानुवर्षांचा कचरा होता.

मग नवे घर हवेच कशाला? लाँग बार्न हे त्यांचे राहते घर चांगले होते. पण शेजारची शेतजमीन कोंबडीपालनासाठी विकली जाणार, अशी कुणकुण लागली होती. पैशाची बाजूही भक्कम नव्हती. हॅरल्ड यांनी परराष्ट्र खात्यातली नोकरी सोडून जानेवारीत लंडनच्या एका वर्तमानपत्रात काम धरले होते.

२४ एप्रिलचे त्यांचे पत्र या दप्तरातला सर्वांत मोलाचा कागद. त्यात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. विरोधात आकडे : खरेदीला १२,००० पौंड, डागडुजीला आणखी १५,००० आणि सगळे उरकेपर्यंत जवळजवळ ३०,०००. तेवढ्यात गरम पाण्यासकट सर्व सोयींचे तयार घर मिळाले असते, हेही त्यांनी लिहिले. बाजूने मात्र आकडा एकही नाही. मुख्य भर नात्यावर : सिसिंगहर्स्ट बांधणाऱ्या बेकर घराण्यातली सिसिली ही टॉमस सॅकव्हिल यांची पत्नी, म्हणजे व्हिटांची पूर्वज. या मुद्द्याचे वजन कळायला दोनच वर्षे मागे जावे लागते. १९२८ मध्ये वडील वारले, तेव्हा नोल हा पिढीजात वाडा मुलगी म्हणून व्हिटांना मिळाला नाही; तो काकांकडे गेला. हातचे माहेर गेलेल्या स्त्रीपुढे माहेराच्याच रक्ताची एक पडकी वास्तू विक्रीला आली होती.

म्हणून हे पत्र तटस्थ हिशेब समजून वाचता येत नाही. त्याआधीच, एप्रिलच्या मध्याला, पुन्हा जागा पाहताना अवचित हेझलच्या झाडांची जुनी रांग लागली आणि तिथेच निश्चय झाला, अशी रोजनिशीत नोंद आहे. पत्रातली बेरीज-वजाबाकी ठरलेली गोष्ट पटवून देण्यासाठी होती, असे अनुमान काढायला हा क्रम पुरेसा आहे. व्हिटांनी वीसेक वर्षांनी लिहिले, की आपण पाहताक्षणी जागेच्या प्रेमात पडलो. ते खरेच असेल. पण ती आठवण दोघांनी तिथे केलेली बाग बहरल्यानंतरची आहे. तेरा वर्षांच्या नायजेलची आठवण उलटी : इथे आपल्याला राहायचे आहे, या कल्पनेनेच तो धास्तावला होता. तीही त्याने प्रौढपणीच सांगितली. दोन आठवणींत तडजोड करत बसण्यापेक्षा त्या दिवसांच्या नोंदींना मान देणे बरे.

मेच्या पहिल्या आठवड्यात सौदा झाला. सुमारे चारशे एकर शेतीसह किंमत १२,३७५ पौंड.

डागडुजीचे १५,००० मात्र अंदाजाचेच; झालेल्या खर्चाचा आकडा म्हणून ते वापरू नयेत. पुढे जे घडले, त्यावरून हिशेबाचे गृहीतच बदललेले दिसते. त्यांनी पडका वाडा पुन्हा एकसंध केला नाही. मनोऱ्यात व्हिटांची लिहिण्याची खोली, एका छोट्या इमारतीत दोघांच्या निजायच्या खोल्या, दुसरीत स्वयंपाक, जेवण आणि मुले. प्रवेशद्वाराच्या ओळीतल्या तबेल्याचे ग्रंथालय झाले. जेवायला जाताना पावसातही बाग ओलांडावी लागे, आणि पाहुण्यांसाठी खोली ठेवलीच नाही. हिशेबाने समोर ठेवलेले सगळ्या सोयींचे एकसंध घर त्यांनी बांधलेच नाही. वास्तू घेतली, आणि राहण्याची रीत तिच्या तुकड्यांप्रमाणे बेतली. पडके घर घेणाऱ्याने दुरुस्तीचा अंदाज मागवण्याआधी हे ठरवावे, की नेमके किती घर आपल्याला हवे आहे.