चुन्याची रेघ आणि घरची भाषा

२००९ सालच्या उन्हाळ्यात इटलीतील गोरित्सिया या गावी आठ दिवस राहण्याचा योग आला. माझा मुलगा त्या वेळी जवळच्या ट्रिएस्ट शहरात संशोधन करीत होता; त्याच्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांकडे आमची सोय झाली होती. कुटुंब इटलीचे नागरिक, पण घरची भाषा स्लोव्हेनियन. बेळगावात जन्मून कर्नाटकाच्या महसूल खात्यात आयुष्य काढलेल्या मला ते घर पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले.

गोरित्सिया १९१८पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. तेथे इटालियन, स्लोव्हेनियन, फ्रिउलियन आणि जर्मन अशा चार भाषा नांदत. पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीकडे आले. १९२३पासून शाळांतून स्लोव्हेनियन भाषा हद्दपार होऊ लागली. पुढे आडनावेही इटालियन वळणाची करण्यात आली. घरातील आजी त्या काळातल्या. ऐंशीला टेकलेल्या त्या बाई सांगत, ‘शाळेत आमची भाषा बोललो की शिक्षा होई, आई रात्री स्वयंपाकघरात लिहायला शिकवी.’

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसचा तह झाला आणि १५ सप्टेंबर १९४७च्या रात्री नवी सीमा अमलात आली. जुने शहर इटलीकडे राहिले. पूर्वेची उपनगरे आणि १९०६ साली सुरू झालेले उत्तरेकडचे रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियाकडे गेले. सैनिकांनी जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. कुणाचे घर इकडे राहिले, तर शेत तिकडे. आजींचे आजोळ रेघेपलीकडे गेले. मिरेन गावच्या तर दफनभूमीतूनच सीमा गेली. ती दुरुस्त व्हायला १९७५चा ओसिमो करार यावा लागला. शहर हातचे गेले म्हणून युगोस्लाव्हियाने १९४८पासून रेघेला लागूनच नोव्हा गोरित्सा हे नवे शहर उभारले.

१३ ऑगस्ट १९५० रोजी पलीकडचे हजारो लोक पहारा न जुमानता इकडे आले. आप्तांना भेटले आणि परतताना तिकडे न मिळणाऱ्या वस्तू घेऊन गेले. त्यांत केरसुण्या इतक्या होत्या की तो दिवस ‘केरसुण्यांचा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. आजींची मावशी त्या गर्दीत होती. तीन वर्षांनी भेटलेल्या बहिणी आधी रडल्या, मग बाजारात गेल्या, असे आजी हसत सांगत.

एका सकाळी आजी आम्हांला त्या स्थानकासमोरच्या चौकात घेऊन गेल्या. तेथले कुंपण २००४ साली स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला तेव्हा निघाले, आणि डिसेंबर २००७पासून तपासणीही थांबली. चौकाच्या मध्यावर फक्त सीमेची खूण होती. मी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभा राहिलो. नोकरीत मी कितीदा नकाशा पसरून हद्दीचे दगड तपासले असतील! मोजणीत चूक नाही ना, एवढेच मी पाहिले. दगडाच्या दोन्ही बाजूंना कोण राहते, हे क्वचितच विचारले.

आजींनी विचारले, ‘तुमच्या गावी कुंपण आहे?’ मी म्हणालो, ‘कुंपण नाही, देश एकच आहे; पण प्रश्न आहे.’ १९५६ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, हे सारे मुलाने त्यांना समजावले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आणि घरात मुले कोणती भाषा लिहितात?’

त्यांची नातवंडे स्लोव्हेनियन माध्यमाच्या शाळेत शिकत होती, आणि इटालियनही तितक्याच सहजतेने बोलत होती. माझा नातू मराठी बोलतो, कन्नडही उत्तम बोलतो. मराठी वाचत मात्र नाही. मी उत्तर दिले नाही.

२०२३च्या ऑक्टोबरात इटलीने त्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. २०२५ साली तीच दोन शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. रेघा अशा येतात आणि जातात. त्या सरकारे ओढतात व पुसतात. आपल्या हाती ते फारसे नसते. नातवाने मराठी वाचले नाही, याचा दोष मात्र मला कोणत्याही आयोगावर ढकलता येत नाही. गोरित्सियाहून परतल्यावर रोज संध्याकाळी त्याला शेजारी बसवून मराठी वाचायला शिकवू लागलो. त्या आजींच्या आईला स्वयंपाकघरात जे जमले, ते मला बैठकीच्या खोलीत जमायला हरकत नव्हती.